होंडा एस२००० : जुनी घ्यायची तर हात न लागलेलीच

टर्बो नाही, दोनच लिटरचं इंजिन आणि सुई थेट ९,००० आरपीएमपर्यंत! १९९९ साली आलेली एस२००० ही टप उघडणारी दोन सीटची गाडी २००९मध्ये बंद झाली आणि होंडाने तिच्या जागी तशी दुसरी आणली नाही. अमेरिकेच्या सेकंडहँड बाजारात तिची मागणी टिकून आहे ती त्यामुळेच. भाव मात्र सगळ्यांना सारखा नाही.

सगळ्यात वर २००८-०९ची सीआर ही आवृत्ती. तिच्या ६९९ गाड्याच निघाल्या. कापडी टप काढून ॲल्युमिनियमचा हार्डटॉप दिला होता. अमेरिकेतल्या साध्या एस२०००मध्ये २००४पासून २.२ लिटरचं इंजिन आलं. मधल्या आरपीएमला दम वाढला, मागचं सस्पेन्शन शांत झालं, पण रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, खाली आली. रोज चालवायला तीच बरी. तरीही निवड २००२-०३च्या एपी-१ची, म्हणजे दोन लिटरवाल्या पहिल्या गाडीची करावी: ९,०००ची रेडलाइन कायम आणि मागची काच खरी. आधीच्या गाड्यांत तिथे प्लॅस्टिक आहे, ते पिवळं पडतं आणि घडीवर तडकतं.

बघायला जाताना टॉर्च न्या. अमेरिकेतल्या गाडीच्या बॉनेट, फेंडर, दारं, दोन्ही बंपर आणि डिकीच्या झाकणावर व्हीआयएनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा छोटा स्टिकर कारखान्यातूनच येतो. बदललेल्या पार्टावर तो नसतो, किंवा त्याजागी ‘आर डीओटी’चा, म्हणजे बदली पार्टाचा असतो. संग्राहक एकेक स्टिकर मोजतात. रंग कितीही सफाईने मारलेला असो, फेंडरवरचा स्टिकर गायब म्हणजे घासाघीस तिथूनच सुरू.

इंजिनात मोठा धोका चुकलेल्या गिअरचा. चौथ्यातून तिसऱ्याऐवजी पहिला किंवा पाचव्यातून दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. आरपीएम मर्यादेत ठेवणाऱ्या रेव्ह लिमिटरचा इथे काही उपयोग नाही. एपी-१चे व्हॉल्व्ह स्प्रिंग रिटेनर (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकत्या) अशा वेळी तडकतात आणि गाडी पुढे कित्येक दिवस बिनतक्रार चालते. मग एक दिवस व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. म्हणून व्हॉल्व्ह कव्हर उघडून रिटेनर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एपी-२चे, म्हणजे २.२ लिटरवाल्या गाडीचे रिटेनर कीपरसकट (त्यांना अडकवणाऱ्या खुंट्यांसह) बसवलेले असतील तर उत्तमच.

२०००-०१च्या गाड्यांत पिस्टनला खालून तेल मारणाऱ्या जेटचे बँजो बोल्ट (तेल आतून वाहून नेणारे पोकळ बोल्ट) दोन भोकांचे होते, नंतर चार भोकांचे आले. ते बदलल्याचं बिल मागा. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजण्याची) चारही सिलिंडरची करा, कारण यांच्या भिंती फायबर मिसळलेल्या धातूच्या आहेत. ओरखडा पडला की साध्या गॅरेजमध्ये बोअर करून भागत नाही. इंजिन गरम झाल्यावर टायमिंग चेनच्या बाजूने घरघर आली तर चेन ताणून धरणारा टेन्शनर गेलाय, पण ते काम आटोक्यातलं.

टप एकदा पूर्ण उघडून मिटवून घ्या. सीटमागे कापड सांगाड्यात दुमडतं तिथेच फाटतं.

एक्झॉस्ट किंवा चाकं बदललेली असतील तर मूळची सोबत मिळताहेत का विचारा. रेडिओवरचं छोटं झाकणसुद्धा.