ओकेआर की होशिन कान्री? एका फाउंड्रीच्या सहा वर्षांच्या अनुभवातून

जानेवारी उजाडला की ओळखीच्या दोन-तीन कारखानदारांचे फोन येतातच. पुढच्या वर्षी काय करायचे हे मालकांच्या डोक्यात पक्के आहे, पण ते सुपरवायझरपर्यंत पोहोचवायचे कसे, आणि त्यासाठी ओकेआर (दर तिमाहीला उद्दिष्टे आणि त्यांची मोजमापे ठरवून गुण देण्याची पद्धत) घ्यावे की होशिन कान्री (वर्षाची मोजकी उद्दिष्टे वरपासून खालपर्यंत देवाणघेवाणीने ठरवण्याची जपानी पद्धत), असा प्रश्नाचा साधारण रोख असतो. फोनवर या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून कास्टिंग (ओतीव भाग) बनवणारा कारखाना आहे, तिला जोडून छोटे मशीन शॉप आहे, माणसे अडीचशेच्या आत आहेत आणि मोठे निर्णय घेणारे आम्ही सात जण आहोत. आम्ही आधी दोन वर्षे ओकेआर चालवले आणि त्यानंतरची चार वर्षे होशिन चालवत आहोत. दोन्ही पद्धतींची तोंडओळख वाचणाऱ्याला आहे असे धरून चालतो, त्यामुळे उद्दिष्ट कसे लिहावे आणि तक्ता कसा आखावा यात शिरत नाही.

बॅलन्स्ड स्कोअरकार्डचे काय, असेही कुणी विचारतात. कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेली ती चौकट आम्ही एका शनिवारी फळ्यावर भरून पाहिली होती. आर्थिक बाजू, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया आणि शिकणे-वाढणे असे चार कोपरे भरून झाले, चहा झाला, आणि त्यातले ओझे नेमके कोणाच्या खांद्यावर जाणार हे कोणालाच सांगता येईना. अनेक प्रकल्प असलेल्या मोठ्या कंपनीला ती उपयोगाची असावी. आम्ही ती बाजूला ठेवली.

ओकेआरबद्दल आधी चांगले सांगतो, कारण सांगण्यासारखे बरेच आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या उद्दिष्टनिष्ठ व्यवस्थापनाला अँडी ग्रोव्ह यांनी १९७० च्या दशकात इंटेलमध्ये घासूनपुसून धार लावली, आणि तिथेच तयार झालेल्या जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती पद्धत गूगलला शिकवली, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. आम्हाला पटली ती तिची उघडपणाची सवय. पहिल्याच तिमाहीत आम्हा सातही जणांची उद्दिष्टे एका भिंतीवर लागली, आणि परचेस विभाग स्वस्त वाळू घेऊन जे वाचवत होता ते क्वालिटीच्या रिजेक्शनमधून दुप्पट बाहेर जात होते, हे अकाउंट्सच्या बाईंनी उभ्या-उभ्या दाखवून दिले. एवढी एक गोष्ट दिसली म्हणून मी त्या दोन वर्षांना वाया गेलेली म्हणणार नाही.

गुणांकनाचा मात्र पहिल्या दिवसापासून घोळ झाला. गूगलच्या रीतीत एकपैकी ०.६ ते ०.७ गुण म्हणजे उत्तम, कारण उद्दिष्ट मुद्दामच हाताबाहेरचे ठेवलेले असते आणि पूर्ण गुण मिळाले तर ते सोपे होते असे समजायचे असते. हे मी मोल्डिंग विभागात समजावून सांगत असताना आमचे सर्वांत जुने सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, शांतपणे म्हणाले, "सत्तरला पास म्हणताय साहेब, मग गिऱ्हाइकाला शंभरातली सत्तर कास्टिंगं चांगली दिली तर चालंल व्हय?" सगळे हसले, मीही हसलो, पण त्यांच्या बोलण्यात खोड काढता येईना. ज्या माणसाला एका ब्लो होलसाठी, म्हणजे कास्टिंगच्या पोटात राहिलेल्या पोकळीसाठी, ग्राहकाच्या दारात उभे राहावे लागते, त्याला सत्तर टक्के हे यश आहे असे पटवणे अवघड असते. त्यात आम्ही ते गुण पगारवाढीशी जोडण्याची चूक केली. तसे करू नये असे ओकेआरचे जाणकार पहिल्यापासून बजावत आले आहेत, त्यामुळे त्यानंतर सगळ्यांनी उद्दिष्टे हळूहळू खाली आणली याचा दोष पद्धतीला देणे अन्यायाचे होईल.

माझे मत फिरले ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण कोल्हापूरचा पाऊस आहे. फाउंड्रीत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको, पण आषाढात हवा ओली झाली की कोअर (कास्टिंगमधली पोकळ जागा राखण्यासाठी साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) ओल धरतात, वितळलेला धातू ओतताना त्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते, आणि ती बहुतेक वेळा मशीन शॉपमध्ये दोन-तीन ऑपरेशन झाल्यावरच उघडी पडते, म्हणजे तोवर त्या तुकड्यावर मजुरीही चढलेली असते. ब्लो होलमुळे फेकली जाणारी कास्टिंग शंभरात पाचावरून तीनवर आणायची, हे आमचे त्या वर्षीचे पहिले उद्दिष्ट होते. एप्रिल ते जूनमध्ये आकडा साडेचारावर आला आणि आम्ही जेमतेम उत्तीर्ण झालो. जुलै ते सप्टेंबरमध्ये आम्ही जीव तोडून काम केले. वाळू वाळवण्याची व्यवस्था केली, कोअरचे रॅक भट्टीच्या बाजूला हलवले, कोअरवरच्या लेपाला सुकायला पुरेसा वेळ दिला, आणि आकडा सहाच्या वर गेला, म्हणजे गुण शून्य. जानेवारी ते मार्चमध्ये, दिवाळीनंतर कोणी त्या कामाला हातही लावलेला नसताना, कोरड्या हवेच्या कृपेने आकडा तीनच्या खाली उतरला आणि आम्ही पूर्ण गुण घेऊन टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या मला अजून आठवतात. ज्यांनी पावसाळ्यात खरे काम केले त्यांना शून्य आणि ज्यांनी उन्हाची वाट पाहिली त्यांना शाबासकी, हा हिशेब मामांसारख्या माणसाच्या लगेच लक्षात येतो, आणि पुढच्या जुलैत तो पुढाकार घेत नाही. याहून त्रासाचे म्हणजे, दर तिमाहीअखेर तेच काम नव्या शब्दांत लिहावे लागे. एका पॅटर्नमधला (साचा ज्यावरून घडतो त्या नमुन्यातला) बदल सुचल्यापासून ग्राहकाची मंजुरी हाती येईपर्यंत आमच्याकडे सहज पाच-सहा महिने जातात. तिमाही संपायची, काम संपायचे नाही, आणि आम्ही सात जण अर्धा दिवस खर्च करून "रिजेक्शन कमी करणे" याला "प्रक्रिया स्थिर करणे" असे नवे नाव द्यायचो. ओकेआरचे समर्थक यावर म्हणतील की उद्दिष्ट वर्षाचे ठेवा आणि तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि तशी मुभा त्या पद्धतीत आहेही. तरी माझा अनुभव असा की दर तीन महिन्यांनी पाटी कोरी करण्याची ओढ त्या पद्धतीच्या अंगातच आहे, आणि माणसे शेवटी त्याच ओढीने वाहतात.

होशिन कान्रीकडे आम्ही आलो ते ग्राहकामुळे. जपानमध्ये १९६० च्या दशकात गुणवत्ता चळवळीतून ही पद्धत घडली, ब्रिजस्टोनने १९६५ मध्ये डेमिंग पारितोषिक (गुणवत्तेसाठीचे जपानी पारितोषिक) विजेत्या कंपन्यांच्या नियोजनाचा अभ्यास करून तिला नाव आणि आकार दिला, आणि आपल्याकडे ती वाहन उद्योगाच्या वाटेने आली. १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनने डेमिंग पारितोषिक मिळवले, भारतात ते मिळवणारी ती पहिली कंपनी, आणि २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने मिळवले. अशा कंपन्यांच्या पुरवठादारांना ऑडिटमध्ये "तुमचे पॉलिसी डिप्लॉयमेंट (होशिनचेच इंग्रजी नाव) दाखवा" हा प्रश्न पाठ झालेला असतो. आमच्याकडेही त्याची एक फाईल होती, जी ऑडिटच्या आदल्या दिवशी कपाटातून बाहेर निघायची. ती फाईल खरोखर वापरून पाहू, एवढाच आमचा निर्णय होता.

या पद्धतीतला जो भाग मला मोलाचा वाटतो त्याला जाणकार कॅचबॉल म्हणतात, आम्ही झेलाझेली म्हणतो. वरून उद्दिष्ट येते, खालचा विभाग ते झेलतो, पण "होय साहेब" म्हणून ठेवून देत नाही. हे जमेल, मात्र या अटीवर, असे लिहून परत फेकतो. पहिल्या वर्षी मालकांच्या कागदावर पाच उद्दिष्टे होती आणि त्यांत ब्लो होल निम्म्यावर आणणे आणि मशीन शॉपची तिसरी पाळी सुरू करणे ही दोन्ही होती. कोअर शॉपकडून उत्तर आले की पावसाळ्यात बनलेला कोअर चार तासांहून जास्त रॅकवर राहणार नसेल तरच निम्म्याची हमी देता येईल. चार तास पाळायचे तर मोल्डिंगचे लॉट लहान करावे लागणार होते. प्लॅनिंगच्या माणसाने हिशेब मांडला की लॉट लहान केले तर तिसऱ्या पाळीला पुरेल एवढा माल मशीन शॉपला मिळणारच नाही. कागद तीन वेळा खाली-वर झाला, अख्खा फेब्रुवारी त्यात गेला, आणि शेवटी मालकांनी स्वतःच्या पेनने तिसऱ्या पाळीवर काट मारली. ओकेआरच्या दोन वर्षांत या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात हे आम्हाला कळलेच नव्हते, कारण त्या भिंतीवर शेजारी-शेजारी छान नांदत होत्या.

आता होशिनची गाऱ्हाणी. ज्याला एक्स-मॅट्रिक्स म्हणतात तो चारही दिशांनी वाचायचा तक्ता आम्ही एका मोठ्या कागदावर बसवला, तेव्हा अक्षरे इतकी बारीक झाली की मेंटेनन्सच्या प्रमुखांनी खिशातून भिंग काढले. दुसऱ्या वर्षी आम्ही तो सोडून साधा तीन रकान्यांचा तक्ता केला आणि काही बिघडले नाही. दुसरे म्हणजे ही पद्धत संथ आहे, आणि मार्चच्या डिस्पॅचच्या घाईआधीचा फेब्रुवारी झेलाझेलीला देणे सगळ्यांच्या जिवावर येते. तिसरी अडचण जास्त गंभीर आहे. होशिन हे दोन-तीन मोठ्या बदलांसाठी असते आणि रोजचे काम रोजच्या शिस्तीने चालले आहे असे ते गृहीत धरते. तुमच्या रिजेक्शनच्या नोंदी पाळी संपताना अंदाजाने भरल्या जात असतील, तर आधी सहा महिने त्या नीट करा, नाहीतर वरचा सगळा डोलारा वाळूवर उभा राहील. आणि मालक दरमहाच्या आढाव्याला स्वतः बसणार नसतील तर ही पद्धत न घेतलेली बरी, कारण दोन बैठका हुकल्या की फाईल पुन्हा कपाटात जाते.

म्हणून ज्यांचे काम आमच्यासारखे नाही त्यांना मी आग्रह करणार नाही. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत असलेला माझा भाचा ओकेआरवर खूश आहे. तिथे आज घेतलेल्या निर्णयाचा परिणाम महिन्याभरात दिसतो, वर्षअखेरी बाजार कुठे असेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्याच्यासमोर मी पावसाळ्याचे रडगाणे गायले तर तो हसेल. आमच्याकडेही नवे ग्राहक शोधण्याच्या कामासाठी आम्ही तिमाही उद्दिष्टेच ठेवली आहेत, कारण तिथे चार दारे ठोठावून कोणते उघडते ते पाहायचे असते. पण जिथे निर्णय आणि निकाल यांच्यात एक हंगाम जातो, जिथे एका विभागाचे यश दुसऱ्याच्या डोक्यावर पडते, तिथे माझा कल कुठे आहे हे एव्हाना लपलेले नसावे. आमचा पावसाळ्यातला आकडा आता गेल्या पावसाळ्याशीच ताडून पाहिला जातो. गेल्या जुलैत तो चारच्या खाली राहिला. त्यात झेलाझेलीचा वाटा किती आणि कमी झालेल्या पावसाचा किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

यंदाचा कागद फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खाली गेला आणि चार दिवसांनी परत आला. उद्दिष्टाच्या ओळीखाली मामांनी पेन्सिलीने लिहिले होते, "कोअर ओव्हनच्या दाराचे रबर फाटले आहे. आधी ते बदला, मग आकडा देतो." रबर दोन दिवसांत आले. मामांचा आकडा मालकांच्या आकड्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने खाली होता.