सप्टेंबर ते नोव्हेंबर, गाईडसोबतच्या पक्षीफेऱ्या (नाशिक): नऊ फेऱ्यांनंतरचा अनुभव

फ्लेमिंगो, बदकं आणि करकोचे बघायचे असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फेरीवर पैसे घालू नका. डिसेंबर-जानेवारीत चापडगावला (नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या काठचं गाव) जा, मनोऱ्यावर उभे राहा, अर्ध्या तासात पैसे वसूल. इथे लिहिलंय ते त्याआधीच्या तीन महिन्यांबद्दल. त्या दिवसांत उत्तरेकडून चिमणीएवढे आणि तिच्याहूनही लहान पक्षी येतात: वटवटे, माशीमार, धोबी, तिरचिमण्या, थिरथिरे, शंकर (निळ्या गळ्याचा पक्षी) आणि सगळ्यात शेवटी भारीट. पानाआड राहणारे, एका जागी न टिकणारे आणि बहुतेक तपकिरी. गाईडची खरी गरज लागते ती यांच्यासाठीच, आणि चुकीचा गाईड सगळ्यात जास्त खटकतो तोही यांच्याच बाबतीत.

हिशेब असा: चार फेऱ्या नांदूर मध्यमेश्वर, दोन बोरगड, दोन गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, एक पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान. सिन्नरच्या शेतांतली फेरी यात धरलेली नाही, ती गाईडला विचारून वेगळी ठरवली. आयोजक दोन. त्यांची नावं देत नाही, कारण एकाच आयोजकाकडे चांगले आणि वाईट दोन्ही गाईड निघाले. विचारायचं असतं ते गाईड कोण येणार हे.

आधी वेळ. हे लहान पक्षी बहुतांशी रात्री उडतात, पहाटे झाडाझुडपात उतरतात आणि उजाडल्यावर पहिले दोन-अडीच तास नुसते खात सुटतात. ऊन चढलं की हालचाल मंदावते आणि झाडी मुकी होते. ऑक्टोबरच्या मध्यावर नाशिकला सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. म्हणजे सव्वासहाला जागेवर पाय लागला पाहिजे. नांदूर मध्यमेश्वरला शहरातून साधारण सव्वा तास धरा, निघायची वेळ पाचची. एका फेरीत गाडी सहाला निघाली, वाटेत मिसळ झाली (मिसळीला नावं ठेवायची नाहीत) आणि सव्वाआठला फाटकापाशी पोहोचलो. त्या दिवसाच्या यादीत पाणपक्षी भरपूर होते आणि वटवट्या एकही नाही. ‘नाश्ता करून निरीक्षण’ असं वेळापत्रकात दिसलं तर सरळ नाही म्हणा; नाश्ता साडेनऊनंतरच हवा.

रात्री पाऊस होऊन पहाटे उघडीप मिळाली तर ती सकाळ सोडू नका. पावसात उडत असलेले पक्षी खाली उतरतात आणि सकाळी भुकेले असतात. सप्टेंबरात परतीच्या पावसाच्या भीतीने लोक बुकिंग रद्द करतात. आमच्या नऊपैकी सगळ्यात भरलेली फेरी अशाच एका ओल्या सकाळची.

गाईडच्या परीक्षेला एकच प्रश्न पुरतो: एका बाभळीपाशी तो किती वेळ थांबतो? वाईट गाईड चालत राहतो. तीन तासांत पाच किलोमीटर, आणि हातवारे करत ‘तो बघा, गेला’. चांगल्या गाईडने कालव्याच्या कडेला सव्वाशे-दीडशे मीटरच्या पट्ट्यात सगळ्यांना पाऊण तास उभं केलं. पहिली दहा मिनिटं काहीच नाही, दोघांची चुळबुळ सुरू झाली. मग बेशरमीच्या झुडपातून ‘टक्… टक्’ असा आवाज आला, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा. ब्लिथचा बोरू वटवट्या.

पुढे गाईडने केलं ते नीट सांगण्यासारखं आहे. सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं, कोणालाही झुडपाकडे सरकू दिलं नाही. आवाज किती उंचीवरून येतोय ते आधी ठरवलं. हा पक्षी बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर फिरतो. मग वाऱ्याने हलणारी पानं सोडून फक्त उलटी हलणारी पानं बघायला सांगितलं. दुर्बीण हलणाऱ्या पानावर नाही लावायची, तो ज्या दिशेने सरकतोय तिकडच्या पुढच्या मोकळ्या फटीवर लावून ठेवायची. आठव्या मिनिटाला तो त्या फटीत आला: वर एकसारखा मळकट तपकिरी, अंगावर एकही रेघ नाही, डोळ्यापुढे जेमतेम दिसणारी फिकट भुवई, शेपूट किंचित उचललेली. दोन सेकंद, पण सगळ्यांना दिसला. फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यात वीण करणारा हा पक्षी हिवाळ्याला भारतीय उपखंडातच येतो, आणि आपल्याकडे तो बेशरम-घाणेरीत सर्रास असतो. न दिसणं आणि नसणं यातला फरक कळतो तो इथे.

हेच काम मोबाईलवर आवाज वाजवून अर्ध्या मिनिटात होतं, आणि एका फेरीत गाईडने नेमकं तेच केलं. ब्लूटूथ स्पीकर खिशातच होता. हा वटवट्या हिवाळ्यातही आपापला इलाखा राखतो; परका आवाज ऐकला की खाणं सोडून भांडायला बाहेर येतो. प्रवासाने चरबी संपवून आलेल्या, जेमतेम दहा-बारा ग्रॅमच्या पक्ष्याला सकाळचे ते दोन तास सोन्याचे असतात. बुकिंगच्या वेळीच ‘प्लेबॅक वापरता का’ विचारा. उत्तर ‘थोडा, फोटोसाठी’ असं आलं तर दुसरा गाईड बघा.

ॲपबद्दलही. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपमधला आवाज ओळखण्याचा भाग वसंतात गाणाऱ्या पक्ष्यांवर छान चालतो. पण शरदात हे पाहुणे गात नाहीत, एकेक अक्षरी हाका देतात, आणि तिथे ॲप चाचपडतं. खारीच्या चिटचिटीवर त्याने आत्मविश्वासाने पक्ष्याचं नाव लावलेलं पाहिलंय. हिरवट पर्णवटवट्याची ‘चिस्‌-ली’ अशी दोन तुकड्यांची हाक मात्र कानाला पटकन पकडता येते. वनोद्यानातल्या उंच झाडांच्या शेंड्यांवरून ऑक्टोबरात ती सतत येते. ती एकदा कानात बसली की निम्मं काम झालं, म्हणून पहिली फेरी तिथे करावी हे आमचं मत.

ओळखीतल्या दोन चुका कोणी ना कोणी पुन्हा पुन्हा केल्या. पहिली, लाल छातीच्या माशीमाराची. नावात लाल छाती आहे म्हणून लोक लालच शोधतात. पण शरदात दिसणाऱ्यांपैकी बहुतेक माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं असतात, त्यांच्या गळ्यावर लालीचा पत्ता नसतो. बघायचं ते शेपटीकडे. शेपूट झटक्याने वर उचलतो तेव्हा बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके चमकतात, सोबत कोरडी ‘टिर्र्र’ अशी खडखड. त्याचा सख्खा भाऊ तैगा माशीमारही कधीमधी येतो. दोघांत चोचीचा फरक बघा: लाल छातीच्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट असतं, तैगाची चोच पूर्ण काळसर. शिवाय तैगाची शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीहूनही काळीभोर असतात. चांगल्या उजेडात, जवळून, आणि तेही गाईडने दुर्बिणीची जागा सांगितली तरच हे दिसतं.

दुसरी चूक भारिटांची. काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा भारीट नोव्हेंबरात सिन्नर-येवल्याकडच्या बाजरी-ज्वारीच्या शेतांत थव्याने उतरतात. नर सोपे. माद्या आणि पिल्लं इतकी सारखी की कंबरेवरची छटा बघावी लागते: तांबूस असेल तर काळ्या डोक्याचा, हिरवट-पिवळी असेल तर लाल डोक्याचा, आणि बऱ्याचदा दोन्ही धड दिसत नाही. इथे प्रामाणिक गाईड यादीत ‘भारीट, जात नक्की नाही’ लिहितो. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) तशी सोय आहे. एका आयोजकाने फेरीनंतर व्हॉट्सॲपवर टाकलेल्या यादीत प्रत्येक वटवट्याला जात लावलेली होती, त्यातल्या तीन कोणालाच धड दिसल्या नव्हत्या. ‘शंभर प्रजाती’च्या जाहिरातीचा हा परिणाम. आकडा फुगवायचा म्हटलं की वटवट्यांसारखं सोयीचं काही नाही, कोण तपासणार!

जाहिरातीवरून आठवलं: युरोपीय नीलपंख आणि ठिपकेदार माशीमार यांचे फोटो लावून फेऱ्या विकल्या जातात. हे आफ्रिकेकडे निघालेले वाटसरू. सप्टेंबरात त्यांच्यासाठी कच्छ प्रसिद्ध आहे. नाशिकला ते हाती लागले तर नशीब. फेरी त्यांच्या नावावर घेऊ नये.

नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा. सप्टेंबरात इथे पाण्याची पातळी हे सगळ्यात मोठं अनिश्चित. वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की बंधाऱ्यातून जायकवाडीकडे पाणी सोडतात, पातळी रोज बदलते आणि काठचा चिखल बुडतो. चिखल नाही म्हणजे तुतवारे नाहीत, पण पिवळे आणि पांढरे धोबी मग बांधावर आणि शेतात सरकतात, तिथे जास्त जवळून दिसतात. निघायच्या आदल्या दिवशी विसर्गाची बातमी बघून गाईडला विचारा, ‘दादा, उद्या पाणकणसाची बाजू धरायची की कालव्याची?’ ज्याच्याकडे याचं लगेच उत्तर असतं तो तिथे रोज जाणारा. चापडगावचे स्थानिक गाईड यात शहरातल्यांपेक्षा सरस निघाले. त्यांना पक्ष्याचं इंग्रजी नाव कदाचित अडेल, पण शंकर कुठल्या पाणकणसाच्या बुडाशी सकाळी बाहेर येतो हे पाठ असतं. तो दिसला की शेपटीच्या बुडाची तांबडी बाजू बघा, गळ्याचा निळा रंग शरदात पुष्कळदा पुसट असतो.

आणखी एक गोष्ट फक्त निफाड पट्ट्यातली. ऑक्टोबर छाटणी. छाटणीनंतर द्राक्षबागांत पहाटेपासून ट्रॅक्टरचे ब्लोअर चालतात. आवाज आणि औषधाच्या वासाने बागेलगतची कुंपणं रिकामी होतात, आणि माणसांनाही तिथे उभं राहणं बरं नाही. आयोजकाने ठरवलेली वाट बागांच्या कडेने असेल तर कालव्याची किंवा वेड्या बाभळीच्या पट्ट्याची पर्यायी वाट आधीच ठरवून घ्यावी. आमच्या एका फेरीचा पहिला तास यात वाया गेला. अशा वेळी पर्याय सुचवणारा गाईड आणि ‘आज नशीब नाही’ म्हणणारा गाईड, दोघे एकच फी घेतात.

बोरगड (२००८ साली घोषित झालेलं राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, रामशेजच्या शेजारी) वेगळं. चढ आहे, झाडी दाट, माशीमार आणि पर्णवटवट्यांसाठी उत्तम. पण गवत सप्टेंबरअखेर कमरेपर्यंत वाढतं आणि ऑक्टोबरात कुसळं धरतात. लोकरी किंवा सैल विणीचे मोजे घालून गेलात तर संध्याकाळ कुसळं उपटण्यात जाते; गुळगुळीत कापडाची पँट मोज्यांवरून खाली सोडा, घरी आल्यावर गोचीड तपासा. गंगापूरचं बॅकवॉटर सोपं आणि मोकळं, धोबी-तिरचिमण्यांसाठी ठीक. आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते केवळ पॅकेजमध्ये होतं म्हणून.

गटाचा आकार: आठपर्यंत ठीक, सहा उत्तम. सोळा जणांच्या फेरीत मागच्या आठांना फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतात. ५ ते १२ नोव्हेंबरच्या राज्य पक्षी सप्ताहात शाळांच्या सहली येतात. ते चांगलंच आहे, पण शांत फेरी हवी असेल तर तो आठवडा टाळा. फोटोवाले आणि बघे वेगळे गट असावेत. ६०० मिलीमीटरची लेन्स घेतलेला माणूस दोन पावलं पुढे जातो, आणि पक्षी तेवढ्यातच जातो.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठ पटीची. दहा पटीची लोकांना भारी वाटते, पण झुडपातला पक्षी शोधताना तिचं अरुंद दृश्य आणि हाताची थरथर दोन्ही नडतात. आयोजक भाड्याने देतात त्या दुर्बिणी आदल्या दिवशी बघून घ्या. दोन नळ्यांची जुळणी बिघडली असेल तर डोळे मिटून उघडल्यावर क्षणभर चित्र दुहेरी दिसतं आणि तासाभरात डोकं चढतं. उजव्या डोळ्याचं कडं स्वतःच्या नजरेनुसार लावून त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, नाहीतर ते पिशवीत फिरतं. सप्टेंबरातली सगळ्यात साधी चूक एसीची: थंड गाडीतून दुर्बीण काढली की दमट हवेत काचा धुक्याने भरतात आणि नेमकी पहिली दहा मिनिटं जातात. पोहोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडायला सांगा. मोठ्या स्पॉटिंग स्कोपचा (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) या हंगामात झाडीत काही उपयोग नाही. तो सोबत आहे म्हणून जादा पैसे देऊ नयेत.

फीमध्ये बहुतेक ठिकाणी गाडी, गाईड आणि नाश्ता धरलेला असतो. फाटकावरचं प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं द्यावं लागतं, हे आधी विचारून घ्या. रद्द करण्याचे नियमही; पावसामुळे आयोजकाने फेरी रद्द केली तर पुढची तारीख मिळते, तुम्ही केली तर बहुधा नाही. सहा फेऱ्यांचा पास स्वस्त पडतो, पण त्यात जागा आणि गाईड दोन्ही आयोजक ठरवतो. सुट्या तीन फेऱ्या महाग पडूनही जास्त मिळालं: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वनोद्यान, ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नांदूर मध्यमेश्वर (चापडगावचाच गाईड मागून), आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सिन्नरकडची शेतं. ती शेवटची आयोजकांच्या यादीत नव्हती, गाईडला विचारून वेगळी ठरवावी लागली. आता यादीत आली आहे.