डेर्सेटोतली पंगत

परवा मुलीच्या लॅपटॉपवर ‘अलोन इन द डार्क’ हा भुताटकीचा कॉम्प्युटर गेम विकत घेतला. नवा नव्हे, १९९२चा. जीओजी ह्या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर पहिले तीन भाग एकत्र मिळतात, सेल लागला होता, सुरमईच्या एका थाळीपेक्षा स्वस्त पडला. जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा डॉसबॉक्स आतच बसवून देतात, त्यामुळे खटाटोप काही नाही. डबल क्लिक केलं की ती जुनी मोटार येते आणि रस्त्याकडेचा तो बेडूक दिसतो. बेडूक बघून मी मोठ्याने हसलो. बायको विचारायला आली, काय झालं? म्हटलं, बेडूक दिसला. वेंगुर्ल्यात, तेही जुलैमध्ये, बेडूक दिसला म्हणून हसायचं काय, हे तिला समजलं नाही.

हा गेम आमच्याकडे १९९७ साली आला. मुंबईच्या मामाच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक, ४८६ प्रोसेसरचा, मामा रातराणीने घेऊन आला, मॉनिटर अख्खी रात्र मांडीवर. सोबत एका पिशवीत रबरबँड लावलेल्या फ्लॉपी. बहुतेक निकामी निघाल्या, एका जुडग्यातून हा गेम चढला. मी आठवीत होतो. आमच्या गल्लीत तेव्हा ज्यांच्याकडे टीव्हीचे गेम होते ते उड्या मारणारे, गोळ्या झाडणारे. ह्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, आणि सांगून कुणाला पटतही नव्हतं, कारण मित्र घरी येऊन बघायचे आणि म्हणायचे, अरे हे तर पुठ्ठ्याचे बाहुले!

खरंच आहे ते. गणपतीच्या मखरात आपण पुठ्ठा कापून माणसं करतो तशी ह्यातली माणसं. मागचं घर मात्र हाताने रंगवलेलं, आणि कॅमेरा प्रत्येक खोलीत ठरलेल्या जागी खिळलेला. कधी कपाटावरून बघतो, कधी पार आढ्यावरून. फ्रेडरिक रेनाल नावाच्या माणसाने फ्रान्सच्या इन्फोग्राम्स कंपनीसाठी हा गेम केला. सपाट चित्रापुढे थ्रीडी माणूस चालवायचा ही त्यातली युक्ती. पुढे १९९६ साली ‘रेसिडेंट इव्हिल’ने हीच बैठक उचलली आणि नाव कमावलं. आढ्यावरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे आमच्या माजघरात झोपणाऱ्याला काही नवीन नव्हतं. वर माळा, माळ्यावर वापरात नसलेली भांडी आणि आजोबांची ट्रंक, आणि रात्री तिथे काय धावतं ते उंदीर आहेत असं घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकलेलं.

गेमही माळ्यावरच सुरू होतो. लुईझियानातला डेर्सेटो नावाचा वाडा, १९२०च्या दशकातला काळ. जेरेमी हार्टवुड नावाच्या चित्रकाराने तिथे गळफास घेतलाय. तुम्ही एकतर एडवर्ड कार्नबी हा खासगी गुप्तहेर, नाहीतर जेरेमीची पुतणी एमिली. मी कायम एमिली घ्यायचो, कारण कार्नबीच्या मिशा आमच्या ड्रॉइंगच्या सरांसारख्या होत्या. ती घरात शिरते, जिने चढत वर माळ्यावर पोचते आणि मग खेळ तुमच्या हातात येतो. अर्ध्या मिनिटात खिडकी फोडून काहीतरी आत येतं. कोंबडीला सुळे फुटावेत तसं ते जनावर. मी किती वेळा मेलो ह्याचा हिशेब नाही. मेलं की एक मुडदा तुम्हाला फरफटत तळघराखाली नेतो आणि वेदीवर ठेवतो. हे दृश्य इतक्यांदा बघितलं की आजीही ‘झाला, न्हेल्यान’ म्हणायची.

आणि मग एक दिवस कळलं की कपाट ढकलता येतं. खिडकीसमोर कपाट, खालून उघडणाऱ्या झडपेवर पेटी. बस. कुणी आत येत नाही. मला तेव्हा गोळी झाडून मिळाला नसता असा आनंद झाला.

माझ्याकडे साउंड कार्ड नव्हतं. म्हणजे मी हा गेम पाच वर्षं मुका खेळलो. आवाज पुरवायचं आमचं घर: कौलांवरचा पाऊस, झावळी पडल्याचा धप्प, मागच्या दाराची कडी. फ्लॉपीवर बुरशी चढू नये म्हणून त्या कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवायचो. रात्री लाइट गेली की कपाटाच्या फटीतला पिवळा प्रकाश जायचा, मॉनिटर विझायचा, आणि मी अंधारात सेव्ह केलं होतं की नाही आठवत बसायचो.

आता पहिल्यांदा फिलिप वाशेचं संगीत आणि फळ्यांची करकर ऐकली. चांगलं आहे, नाही कशाला म्हणू. पण संगीत वाजलं की काहीतरी येणार हे आधीच कळतं. तिसऱ्या दिवशी मी आवाज बंद केला आणि खिडकी उघडली. पाऊस होताच.

आजी मागे बाजल्यावर बसून बघायची. तिला ते सिनेमासारखं वाटायचं. तिच्यामुळेच मी जेवणघराच्या पुढे गेलो, हे सांगण्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलंय. त्या खोलीत टेबलाभोवती मुडदे आहेत. मी आत शिरलो की अंगावर यायचे. बंदूक, सुरी, नुसत्या हातांनी, सगळं करून झालं. आठवडा गेला असेल. एका रात्री आजी म्हणाली, “मारतस कित्याक तेंका? जेवणाची वाट बघतत ती. भुकेली हत.”

“आजी, तो गेम आसा.”

“आसांदे. वाढ काय तरी तेंका.”

स्वयंपाकघरात सूपचं पातेलं होतं. मी ते कधीच उचललं होतं आणि ओझं म्हणून टाकून दिलं होतं. परत गेलो, आणलं, टेबलाशी ठेवलं. मुडदे मुकाट जेवायला बसले. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही कुणी. मी खुर्चीवरून उडालो. आजीला काहीच वाटलं नाही, ती कूस बदलून झोपली.

डेर्सेटोत जवळजवळ सगळीकडे हेच आहे. नाचघरातल्या भुतांसाठी ग्रामोफोनवर त्यांची तबकडी लावायची आणि मध्ये यायचं नाही. आरामखुर्चीत एक आकृती बसलेली असते, तिला हात लावलात तर संपलं. जिन्याच्या तोंडाशी पंखवाली जनावरं, त्यांना आरसा दाखवायचा. पुढचा दरवाजा तर उघडायचाच नाही, बाहेर तोंड वासून काहीतरी बसलंय. ज्या घरात तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू देत नाहीत, रात्रीच्या एका हाकेला ओ देत नाहीत, आणि देवचाराला, म्हणजे जागेच्या राखणदाराला, वर्षाची राखण द्यायला चुकत नाहीत, त्या घरातल्या म्हातारीला हा गेम माझ्याआधी समजला ह्यात नवल नाही.

दोष आहेत, आणि मोठे आहेत. एंटर दाबून यादी उघडायची, त्यातून ‘ढकल’ किंवा ‘मार’ निवडायचं, मग स्पेसबार धरून ठेवायचा, तोवर मुडदा गळ्याशी आलेला असतो. धावण्यासाठी वरचा बाण दोनदा दाबायचा असतो. दहातून चारदा एमिली धावते, उरलेल्या वेळी फिरायला निघाल्यासारखी चालते. तेव्हा मला वाटायचं आमचा कीबोर्ड दमट हवेने गेलाय. नव्या लॅपटॉपवरही तीच चाल, म्हणजे कीबोर्ड बिचारा निर्दोष होता. आणि शेवटचा भुयाराचा भाग मला तेव्हाही आवडला नाही, आताही नाही. घर सोडलं की गंमत गेली, उरतात अंधारातल्या उड्या. तिथे वॉकथ्रू, म्हणजे गेम पार करायची उकल, बघितलात तर मी काही म्हणणार नाही. दुसरा-तिसरा भाग उघडून बघितले. त्यांत गोळीबार जास्त आहे, तासाभरात बंद केले.

२०२४ साली ह्याचा नवा अवतार आला, डेव्हिड हार्बर आणि जोडी कोमर ह्या कलाकारांना घेऊन. देखणा आहे. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. पण त्यात कॅमेरा तुमच्या खांद्यामागे चालतो, आणि खांद्यामागे सोबत असली की मला भीती वाटत नाही.

घ्यायचा असेल तर पावसाळ्यात घ्या, दिवे घालवा, आणि तासातासाला नव्या जागी सेव्ह करा. मुलगी आता खेळतेय. माळ्यावर चारदा मेली, मग “बाबा, हिला तोंड कुठाय?” म्हणून हसली, आणि काल रात्री दीड वाजता जेवणघरापर्यंत पोचली. तिथे अडकलीय. सकाळपासून बंदुकीच्या गोळ्या शोधतेय. पातेलं स्वयंपाकघरात आहे हे मी तिला सांगितलेलं नाही.