अँकी आणि लर्नर्स डिक्शनरी : इंग्रजी शब्दसंग्रहासाठी अनेक महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी इंग्रजी शब्दांसाठी अँकी हे प्रश्न-उत्तराच्या कार्डांनी सराव करून घेणारं ॲप रोज वापरतेय आणि सोबत परभाषकांसाठी बनवलेले इंग्रजी शब्दकोश, ज्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतात ते. अँकीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक स्पर्धा परीक्षावाल्यांचं नाहीतर मेडिकलच्या मुलांचं. मला परीक्षा द्यायची नाही, मला लिहायचंय. त्या बाजूने हे ॲप कसं आहे हे कुणी सविस्तर सांगितलेलं दिसलं नाही, म्हणून हा खटाटोप.

माझं काम नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा भागातल्या पाण्याच्या कामांचे अहवाल इंग्रजीत लिहिण्याचं. दहावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात. पत्रं, ईमेल, हिशेबाचे तक्ते यांत काही अडत नाही. अडतं ते वर्णनापाशी. या पट्ट्यात पावसाळ्यात धो धो कोसळतो, पण खाली कातळ आणि जमिनीला उतार, त्यामुळे पाणी थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये बाया झऱ्याच्या खड्ड्यात उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. आणि अहवालात काय येतं? ‘वॉटर स्कॅर्सिटी इज व्हेरी सीरियस.’ गाव बदलतं, वाक्य तेच. ते वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. मला असे शब्द हवे होते ज्यांनी दिसेल : पाणी गश होतंय (उसळतंय) की सीप होतंय (झिरपतंय) की नुसतं ट्रिकल होतंय (बारीक धारेने येतंय), ते मर्की (गढूळ) आहे की स्टॅग्नंट (साचलेलं).

अँकीचं तत्त्व साधं आहे. आपण शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. म्हणून एखादा शब्द विसरायच्या बेतात असतानाच पुन्हा समोर आला, तर कमी वेळात जास्त टिकतो. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये आणलेलं हे ॲप तेवढंच काम करतं. कार्ड दिसतं, आपण उत्तर आठवतो आणि चारपैकी एक बटण दाबतो : पुन्हा, अवघड, ठीक, सोपं. त्यावरून पुढची तारीख ठरते. आधी ही तारीख 1987 च्या एका गणितावर बेतलेल्या पद्धतीने निघायची. 2023 पासून एफएसआरएस नावाची नवी पद्धत आली आहे. डेकच्या, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याच्या, सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करा. किती टक्के लक्षात राहावं हे तिथे आपण सांगायचं असतं. मी 90 वरच ठेवलंय. 95 केलं की रोजच्या कार्डांचा ढीग फार वाढतो आणि त्या मानाने पदरात काही पडत नाही.

आता खरा मुद्दा. आयते डेक मिळतात, हजारो शब्दांचे. ते वापरून पाहिले आणि माझ्या कामासाठी ते निरुपयोगी आहेत असं माझं ठाम मत झालंय. त्यातला ‘लॅकोनिक’ (मितभाषी) कुठे दिसला तर ओळखता येतो, पण लिहिताना तो हाताशी येत नाही, आणि आला तरी सुरगाण्याच्या अहवालात त्याला जागा नाही. ओळखीचे शब्द आणि वापरातले शब्द यांत मोठं अंतर असतं. शिवाय चित्रदर्शी शब्द म्हणजे दुर्मीळ शब्द नव्हेत. जड पावलांनी चालण्यासाठी ट्रज, वाटीने उपसण्यासाठी स्कूप, डगमगणाऱ्या शिडीसाठी रिकेटी, हे सगळे इंग्रजीतले रोजचे शब्द आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ते कधी भेटले नाहीत, इतकंच. त्यातही विशेषणांपेक्षा क्रियापदांनी वाक्य जास्त उजळतं.

म्हणून कार्डं स्वतःच बनवायची. माझी पद्धत अशी : शब्द आधी वाचनात भेटला पाहिजे आणि तो माझ्या लिखाणात कुठे बसेल हे लगेच सुचलं पाहिजे. दोन्ही जमलं तरच तो आत येतो. मग लर्नर्स डिक्शनरी. या शब्दकोशांचा इतिहास मला फार भावतो. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत असताना, इंग्रजी शिकणाऱ्यांना कुठे अडतं हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांसोबत शब्दकोश रचला. तो 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि नंतर ऑक्सफर्डने काढला. म्हणूनच या जातीच्या शब्दकोशात अर्थाबरोबर शब्द कसा वापरायचा तेही असतं : पुढे कोणतं शब्दयोगी अव्यय (प्रिपोझिशन) येतं, नाम मोजता येतं की नाही, सोबतीला कोणते शब्द लागतात. 1987 मध्ये आलेल्या कोलिन्स कोबिल्डने तर अर्थच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. हे बहुतेक शब्दकोश आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

एक कार्ड उदाहरणादाखल. ‘ट्रज’ म्हणजे थकून किंवा ओझं घेऊन जड पावलांनी चालणं. मी डिक्शनरीतलं वाक्य उचलत नाही. माझं वाक्य असं : ‘द विमेन ट्रज अपहिल विथ टू पॉट्स ऑन देअर हेड्स.’ त्यातला ‘ट्रज’ झाकलेला, फक्त पहिलं अक्षर दिसतं. अँकीत याला क्लोझ कार्ड म्हणतात. उत्तर टाइप करून द्यायचं, म्हणजे स्पेलिंगही पक्कं होतं. ट्रजच्या स्पेलिंगमधला डी ऐकून कळत नाही. कार्डाच्या मागे शेजारचे शब्द : पाय दुखावलेला म्हातारा हॉबल करतो, पाय न उचलता घासत चालणारा शफल करतो. या दोघांची कार्डं वेगळी आणि त्यांत माणसं वेगळी, गावं वेगळी. वाक्य आपण पाहिलेल्या प्रसंगाचं असलं की शब्द त्या माणसासकट आठवतो.

जवळच्या शब्दांच्या छटांसाठी हीच रीत कामी येते. बचत गटातल्या बायकांबद्दल लिहिताना थ्रिफ्टी म्हटलं तर कौतुक, स्टिंजी म्हटलं तर शिवी, फ्रुगल म्हटलं तर साधी राहणी. 1852 मध्ये रोजे यांनी काढलेल्या थिसॉरसपासून, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांच्या कोशापासून, आजपर्यंत अशा कोशांचं काम शब्द शेजारी शेजारी मांडण्याचं. कोणता शब्द दुखावतो आणि कोणता मान देतो हे त्या यादीवरून कळत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं अहवाल वाचणार नसली, तरी त्यांच्या वाट्याला योग्य शब्द आला पाहिजे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. छटांची कार्डं बनवायला वेळ लागतो, पण माझ्या डेकमधली सगळ्यात मोलाची कार्डं तीच आहेत.

फरक पडला का? पडला. मे महिन्याच्या अहवालात झऱ्याबद्दल मी लिहिलं की तो श्रिंक होऊन (आटून) ट्रिकल उरतो आणि बायका ते पाणी स्कूप करून भरतात, ‘बोल बाय बोल’, म्हणजे वाटीवाटीने. निधी देणाऱ्यांकडून उलट प्रश्न आला : एक हंडा भरायला किती वेळ लागतो, आणि तिथे किती जणी थांबलेल्या असतात? आधीच्या अहवालांवर असा प्रश्न कधी आला नव्हता. ‘व्हेरी’ माझ्या लिखाणातून जवळजवळ गेला. एका परिच्छेदात एक-दोनच ठळक शब्द ठेवते. चार कोंबले की वाचणारा पाण्याऐवजी शब्दांकडे बघतो.

उणिवाही सांगते. ॲपचं रूप रुक्ष आहे आणि सेटिंगची पानं पहिल्यांदा उघडणाऱ्याला घाबरवतात. दौऱ्यामुळे आठवडाभर खंड पडला की कार्डं साचतात आणि ती उपसायला धीर लागतो. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की ॲप ते बाजूला काढून ठेवतं. मला ही सोय आवडते, कारण अशा वेळी बहुधा वाक्यच ढिसाळ असतं. ते नव्याने लिहिलं की शब्द बसतो. आणि उच्चाराचा आवाज आपोआप येत नाही, तो डिक्शनरीत ऐकून घ्यावा लागतो.

संगणकावर अँकी फुकट, अँड्रॉइडवर स्वयंसेवकांनी बनवलेलं अँकीड्रॉइड फुकट, आयफोनवर मात्र विकत, साधारण 25 डॉलर. आयफोनवाल्यांना ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून फुकट सराव करता येतो, पण त्याला नेट लागतं. अँड्रॉइडवर नेटशिवाय चालतं. आमच्याकडे घाटापलीकडे रेंज जाते तिथे जीपमध्ये बसून कार्डं होतात आणि नाशिकला परतल्यावर सिंक. सुरू करणार असाल तर रोजच्या नव्या कार्डांचा आकडा 20 असतो तो आधी चार-पाचवर आणा. स्वतः वाक्य रचायचं असेल तर त्याहून जास्त झेपत नाही.