अमोनाइट की फोरामिनिफेरा? खडकाचे वय ठरवताना

ज्युरासिक खडकांचे वय ठरवायचे असेल, तर माझा कौल निःसंशय अमोनाइटला, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या नामशेष सागरी प्राण्यांच्या जीवाश्मांना आहे. कच्छमधील चारी शैलसमूहाच्या थरांत सापडणारा मॅक्रोसेफॅलाइटिस हा अमोनाइट हातात घेऊन त्याचे झिजलेले कवच निरखले, की आतल्या कप्प्यांच्या भिंती कवचाला जिथे जोडल्या होत्या तिथली नागमोडी शिवणरेषा नुसत्या डोळ्यांनी दिसते. या प्राण्यांच्या जाती झपाट्याने बदलत आणि समुद्रातून दूरवर पसरत, म्हणूनच जर्मन भूवैज्ञानिक आल्बर्ट ओपेल यांना 1856 ते 1858 या काळात युरोपातील ज्युरासिक थरांची विभागणी प्रामुख्याने अमोनाइटच्या आधारे करता आली.

मात्र विंधनविहिरीतून खडकाचा चुराच वर येतो, त्यात अखंड अमोनाइट मिळणे जवळपास अशक्य असते. तिथे फोरामिनिफेराला पर्याय नाही. मूठभर मऊ शेल (चिखलापासून बनलेला खडक) भिजवून 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला आणि ओल्या बारीक कुंचल्याने एकेक कण सूक्ष्मदर्शकाखाली उचलला, तर या एकपेशीय जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचे शेकड्यांनी मिळू शकतात. हे काम चिकाटीचे आहे, पण संख्येमुळे निष्कर्षाला बळ येते. त्यांतील तरंगणाऱ्या जाती ज्युरासिकमध्ये विरळ आहेत, त्यानंतरच्या क्रेटेशियस कालखंडात मात्र त्या विपुल होतात. इटलीतील गुब्बिओ येथे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे क्रेटेशियसच्या अखेरच्या, सुमारे सेंटिमीटरभर जाडीच्या चिकणमातीखालील चुनखडकात ग्लोबोट्रंकानासारख्या तरंगणाऱ्या फोरामिनिफेराची मोठी कवचे आहेत, तर लगेच वरच्या थरात केवळ इवलीशी कवचे उरतात.