टेंडन टेस्टिंगसाठी ड्राय आइसवाला क्लॅम्प: काही महिने वापरल्यावर

ज्यांनी माणसाचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) मशीनवर ओढून बघितलंय त्यांना माहितीय, खरी कटकट मशीनची नसते, पकडायची असते. दातेरी ग्रिप घट्ट आवळली की तंतू दातांपाशीच कापले जातात, सैल ठेवली की सॅम्पल सटकतं, आणि अकिलीस टेंडन तुटायला काही हजार न्यूटन लागतात म्हणजे मधला मार्ग असा काही नाहीच. हा क्लॅम्प टेंडनची टोकं ड्राय आइसने, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइडने, गोठवून धरतो. टोकं गोठवून धरायची आयडिया जुनीच आहे, १९८२ मध्ये रीमर्स्मा आणि शॅमहार्ट यांनी घोड्याच्या टेंडनसाठी असा क्लॅम्प दाखवला होता.

तर अनुभव. सटकणं जवळजवळ बंद झालं, आणि आता बरीच सॅम्पल्स मधे तुटतात, ग्रिपपाशी नाही, पैसे इथेच वसूल. पण ड्राय आइस उणे ७८ डिग्रीला असतो, गोठलेली हद्द हळूहळू मधे सरकत येते, त्यामुळे लांब सॅम्पलला मजा आणि आखूडला सजा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावल्याशिवाय मी आता टेस्ट सुरूच करत नाही. कोमट सलाइनचा बाथ विसरा, स्प्रे मारत बसावं लागतं, कारण टेंडन सुकलं की कडक होतं आणि आकडे उगाच भारी दिसतात. खोलीत हवा खेळती पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

सोबतच्या सॉफ्टवेअरचा स्ट्रेन (लांबी मूळच्या किती टक्के वाढली ते) मात्र मी अजिबात धरत नाही. सॉफ्टवेअर तो दोन क्लॅम्पमधल्या अंतरावरून काढतं, त्यात टोकाशी होणारी सगळी सरकासरकी आली, म्हणजे स्ट्रेन जास्त आणि मॉड्युलस (कडकपणाचा आकडा) कमी. टेंडनवर डाईचे ठिपके काढा, कॅमेऱ्याने ट्रॅक करा. क्रॉस सेक्शनही (आडव्या छेदाचा एरिया) तसंच, कॅलिपरने दाबलं की टेंडन चपटं होतं, एरिया चुकला की स्ट्रेस (दर एरियामागचा जोर) तेवढाच चुकला.

मॉडेलिंगचं मॉड्यूल ठीकठाक. सुरुवातीचा टो रीजन, म्हणजे कोलॅजनच्या लाटा सरळ होतात तो साधारण २ टक्के स्ट्रेनपर्यंतचा भाग, एक्स्पोनेन्शियलने छान बसतो, अर्थात आधी प्रीकंडिशनिंग (टेस्टआधी सॅम्पल हलकंच अनेकदा ओढून-सोडून घेणं) करून कर्व्ह एकावर एक पडायला लागले असतील तर. पुढे बायोमेकॅनिक्सवाल्या फंगचं क्यूएलव्ही (क्वासी-लिनियर व्हिस्कोइलॅस्टिक) मॉडेल आहे, ते धरून चालतं की रिलॅक्सेशनचा (ताणून धरलं की लोड हळूहळू उतरतो त्याचा) आकार प्रत्येक स्ट्रेनला सारखाच, टेंडन तसं वागत नाही. एका स्ट्रेनवर फिट केलं की ग्राफ इतका देखणा येतो की लगेच स्लाइडवर टाकावासा वाटतो, मग तेच पॅरामीटर दुसऱ्या स्ट्रेनवर चालवून बघा! शिवाय सॉफ्टवेअर लोड एका झटक्यात लागला असं मानतं, प्रत्यक्षात रॅम्पला (लोड चढत जाण्याला) वेळ लागतो आणि तेवढ्यात थोडं रिलॅक्सेशन होऊनही जातं, म्हणून मी डेटा बाहेर काढून रॅम्पसकट फिट करतो.

लांब सॅम्पल असतील तर बिनधास्त घ्या, फक्त गोठल्यावर बोल्ट परत एकदा आवळा, मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाहीये.