नव्या ब्रेकची धडधड मोजून शोधणारे गॅरेज

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका लहान गॅरेजमध्ये आमच्या भाजी वाहतुकीच्या पिकअपचे ब्रेक दुरुस्त करून घेतले, त्या कामाबद्दल हे लिहीत आहे. झिजलेल्या पुढच्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या) आणि त्यांना दाबून गाडी थांबवणारे पॅड आम्ही आधी दुसरीकडे बदलून घेतले होते. सुरुवातीला ब्रेक उत्तम लागत. परंतु काही हजार किलोमीटरनंतर पुण्याहून परतताना खंबाटकी घाटाच्या उतारावर पेडल पायाखाली धडधडू लागले आणि स्टिअरिंगही थरथरू लागले. इतर दोन ठिकाणी गाडी न खोलताच ‘डिस्क वाकली, नवी टाका’ असा निर्णय मिळाला.

येथील मिस्त्रींनी आधी गाडी स्वतः चालवून पाहिली. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, हँडब्रेकचे बटण दाबून धरत तो अलगद ओढला असता गाडी सरळ आणि शांत थांबली, आणि हँडब्रेक मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकवरच चालत असल्याने त्यांच्यावरचा संशय मिटला. नंतर चाक काढून त्यांनी बेअरिंगमधील ढिलाई आणि कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना तपासल्या, डिस्क फिरताना किती डुलते हे दाखवणारा डायल गेज तिच्यावर लावला आणि मायक्रोमीटरने तिची जाडी अनेक ठिकाणी मोजली. प्रत्येक आकडा त्यांनी आम्हाला वाचून दाखवला, हे मला विशेष मोलाचे वाटते.

दोष डिस्कमध्ये नव्हे, तर तिच्यामागे निघाला. हबवरचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागावरचा, जुना गंज न खरवडताच नवी डिस्क बसवली गेली होती. अशी डिस्क केसभर जरी तिरकी बसली, तरी ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्याला तिचा तोच भाग पॅडला घासत राहतो आणि तेवढाच भाग पातळ होत जातो. जाडीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरक पडला, तरी तो पायाला जाणवू शकतो. म्हणूनच ही तक्रार काम झाल्याच्या दिवशी उद्भवत नाही आणि हबची सफाई न करता पुन्हा नवी डिस्क टाकली, तर काही काळाने तीच धडधड परत येते.

त्यांनी हब तारेच्या ब्रशने धातू उघडा पडेपर्यंत साफ केला, डिस्क लेथवर (धातू तासण्याच्या यंत्रावर) समतल केली, तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पुरेशी जाड उरल्याची खात्री केली आणि बसवल्यावर पुन्हा गेज लावला. व्हीलनट हवेच्या गनने एकदम न आवळता समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केले. नव्या डिस्कचा खर्च वाचला. बिलात लेथकाम आणि मजुरी एवढेच होते. घाटात भरलेल्या गाडीसह पेडल आता स्थिर राहते.

उणिवाही आहेत. मोजमापे लेखी मिळत नाहीत, ती मिळायला हवीत. लेथ बाहेरच्या कारागिराकडे असल्याने गाडी एक रात्र ठेवावी लागते, आणि रोज पहाटे माल पोहोचवणाऱ्यांना हे जड जाते. पॅड डिस्कच्या पृष्ठभागाशी जुळून येण्यासाठी सुरुवातीला मध्यम वेगावरून हलका ब्रेक लावून वेग पुन्हापुन्हा कमी करायचा आणि तापलेला ब्रेक थांबल्यावर दाबून धरायचा नाही, ही सूचना विचारल्यावरच मिळाली. सुमारे शंभर किलोमीटर झाल्यावर व्हीलनट तपासायला मात्र ते स्वतः बोलावतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.